ठाण्यात पोर्तुगीज-इंग्रज काळातलं अर्ध्या दिवसात काय बघता येईल?

स्टेशनातूनच सुरुवात करा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून इथेच आली होती. पश्चिमेला उतरून चालत तलावपाळी गाठा. मासुंदा तलावाच्या एका अंगाला कोपिनेश्वर, दुसरीकडे पोर्तुगीजांच्या काळापासूनचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. प्रार्थनेची वेळ टाळून जा.

माझ्या मते खरं ठाणं मात्र कोर्टनाक्याजवळच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीत आहे. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, तो पुरा होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथल्या कैदेतूनच निसटले. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला इथेच फाशी झाली. रोज शेजारून जाणाऱ्या कितीतरी ठाणेकरांना हे ठाऊक नसतं, याचं फार वाईट वाटतं. कारागृह चालू असल्याने आत सहज सोडत नाहीत, फोटोही काढू नका. बाहेरून तट बघा.

सकाळी लवकर निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत मामलेदारची मिसळही होईल. तिखट सोसत नसेल तर कमी तिखट मागा.