तीन दिवस नक्की कोणाचे?

अमेरिकेतल्या बंदूकखरेदीवर या वेळी बरीच पत्रं आली. त्यातल्या चारांना उत्तरं देतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. इथे पिस्तूल घ्यायचं तर सात दिवस थांबावं लागतं. टेक्सासमधल्या डॅलसचा मेहुणा म्हणतो, तो तासाभरात घेऊन घरी आला. मग बातम्यांत सारखे येणारे ‘तीन दिवस’ कुठले?

तुमचंही खरं, मेहुण्यांचंही खरं. खरेदीनंतर सक्तीने थांबायला लावणारा वेटिंग पिरियड हा ज्या त्या राज्याचा मामला आहे. न्यू जर्सीत हँडगनसाठी (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) सात दिवस (पोलिसांचा परवाना काढायचा तो वेगळाच), कॅलिफोर्नियात कुठल्याही बंदुकीसाठी दहा, हवाईत चौदा. टेक्सासात काहीच नाही. बंदूक देण्याआधी गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासायला लावणारा केंद्राचा ब्रॅडी कायदा १९९४ मध्ये लागू झाला तेव्हा ज्या राज्यांकडे स्वतःची तपासणी नव्हती तिथे हँडगनसाठी पाच दिवस थांबावं लागे. नोव्हेंबर १९९८ मध्ये एफबीआयची संगणकावरची तपासणी सुरू झाली आणि ते पाच दिवस गेले.

बातम्यांतले तीन दिवस गिऱ्हाइकाचे नाहीतच, ते सरकारचे आहेत. दुकानदार तुमची माहिती तपासणीला पाठवतो. दहातल्या साधारण नऊ जणांचं उत्तर लगेच येतं. एखाद्याच्या नोंदीत काही अर्धवट सापडलं तर उत्तर लांबतं, आणि कामकाजाचे तीन दिवस उलटूनही ते आलं नाही, तर केंद्राच्या कायद्यानुसार दुकानदार बंदूक देऊ शकतो. दिलीच पाहिजे असं नाही. काही मोठी दुकानं देत नाहीत.

प्रश्न : हे तीनाचे दहा करायचा प्रस्ताव होता ना? त्याचं काय झालं?

त्यासाठी साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला जावं लागेल. १७ जून २०१५ च्या रात्री तिथल्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलवाचनाला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. त्याचं पिस्तूल दोन महिन्यांपूर्वी दुकानातूनच घेतलेलं होतं. अमली पदार्थ बाळगल्याची त्याने कबुली दिली होती, तेवढ्यावर खरेदी अडली असती. पण अटक कोणत्या पोलीस खात्याने केली ही नोंद चुकीची होती. तपासणारी कर्मचारी चुकीच्या दारांवर टकटक करत राहिली, तीन दिवस संपले आणि पिस्तूल त्याच्या हातात पडलं.

मुदत कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत वाढवणारं विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१९ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२१ मध्ये २१९ विरुद्ध २१० मतांनी संमत केलं. सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही. २०२२ च्या कायद्याने २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकांपुरती सोय केली : त्यांच्या अल्पवयातल्या नोंदींत शंकेला जागा दिसली तर कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत वेळ.

विरोधकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून पळालेल्या बाईने दोन आठवडे कशाच्या भरवशावर काढायचे? तरी माझा कल दहाकडेच आहे. आपल्याकडे बांधकामाचा अर्ज साठ दिवस टेबलावर पडून राहिला की मानीव परवानगी मिळते. भिंत चुकली तर पाडता येते. इथे ‘मानीव’ मिळते ती बंदूक.

प्रश्न : ज्याला गुन्हाच करायचाय तो दहा दिवस थांबेल की! फरक काय पडतो?

थंड डोक्याने ठरवलेल्या माणसाला कदाचित पडत नसेल. पण रागाच्या भरात दुकान गाठणाऱ्याला पडतो. वेटिंग पिरियड असलेल्या राज्यांत बंदुकीने होणारे खून सुमारे १७ टक्क्यांनी घटतात, असा अंदाज २०१७ च्या एका अभ्यासाने मांडला होता. आणि खुनांइतकीच, किंबहुना जास्त, आत्महत्यांची बाजू मोठी आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसं गेली. त्यात आत्महत्या २७ हजार. ती टोकाची घटका बरेचदा टळते, पण हाताशी बंदूक नसेल तर. घरात कोणाबद्दल अशी काळजी वाटत असेल तर अमेरिकेत ९८८ हा मदतीचा फोन क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

प्रश्न : मुलगा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर टेक्सासात शिकतो. मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर गेल्याचे फोटो त्याने पाठवले. नाशिकला बसून माझा जीव टांगणीला. काही भानगड होईल का?

होऊ शकते, ताई, आणि मुलांना हे कोणी सांगत नाही. एफ-१ काय किंवा नोकरीचा एच-१बी काय, तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूकच काय, काडतुसंही बाळगता येत नाहीत. विकत घेणं लांबच राहिलं. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत, आणि दोषी ठरल्यास देशाबाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार. अपवाद मोजके आहेत. सर्वांत माहितीतला म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचा चालू शिकारपरवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

रेंजवर जाण्याआधी त्याने शिकारपरवाना काढला होता का, एवढं आज रात्रीच्या फोनवर विचारा. नसेल, तर पुढच्या खेपेला मित्रांना रेंजवर सोडून त्याने बाहेर कॉफी प्यावी.