मुलाच्या खिशातलं वेप, वडिलांच्या खिशातली पुडी

प्रिय माई,

आम्ही पाचोरा तालुक्यातले, घरी कपाशीची शेती. मोठा मुलगा १६ वर्षांचा, जळगावला अकरावी सायन्सला आहे, नीटचा क्लास लावलाय. दोन मित्रांसोबत खोली करून राहतो, पंधरा दिवसांनी शनिवारी घरी येतो. मागच्या खेपेला त्याची जीन्स धुवायला घेतली तर खिशात जांभळी कांडी निघाली, हायलायटरएवढी. एका टोकाला तोंडात धरायची जागा, दुसऱ्या टोकाला चार्जिंगचं भोक, आणि वास आंब्याच्या गोळीसारखा. मी पेन ड्राइव्ह समजले. धाकटी चौथीत आहे, तीही हातात घेऊन बघत होती. दिराला दाखवलं तर म्हणाले, "वहिनी, ते वेप आहे. नुसती वाफ असते, सिगारेट थोडीच आहे?" मिस्टरांना सांगितलं नाही. ते स्वतः तंबाखू खातात, पण पोराचं कळलं तर पट्टा काढतील, क्लास बंद करून शेतात आणतील. मुलाचा दोनदा फोन आला, "आई, माझ्या पँटीत काही होतं का?" मी नाही म्हणाले. वस्तू डाळीच्या डब्यामागे लपवली आहे. खोलीवर जाऊन झडती घेऊ का? त्या दोन मुलांच्या आईवडिलांना सांगू का? झोप उडाली आहे.

– एक आई

ताई,

सगळ्यात आधी ती कांडी डाळीच्या डब्यामागून काढा आणि कुलूप लागणाऱ्या कपाटात ठेवा. आत जो द्रव असतो त्यात बहुतेक वेळा निकोटिन असतं, आणि लहान मुलाच्या पोटात ते थोडं गेलं तरी विषबाधा होते. आंब्याचा वास येणारी वस्तू चौथीतली पोर तोंडात घालून बघणारच. रागाच्या भरात चुलीत किंवा उकिरड्यावरच्या जाळातही टाकू नका, आत लिथियमची बॅटरी आहे, ती फुटते.

दुसरं काम आजच करा. मुलाला फोन लावा. त्याने दोनदा विचारलं आणि तुम्ही दोनदा नाही म्हणालात, म्हणजे वस्तू तुमच्याकडेच आहे हे तो ओळखून असणार. आता तो तिकडे घाबरून आणि तुम्ही इकडे जागून दिवस काढताय. त्याला एवढंच सांगा, "ते माझ्याजवळ आहे. मी आरडाओरडा करणार नाही, पण आपल्याला बोलायचं आहे. शनिवारी घरी आलास की बोलू." यापुढे फोनवर एक शब्द नको. खोलीत मित्र असतील, तो हो ला हो करेल किंवा उलट बोलेल, आणि बोलणं तिथेच नासेल.

शनिवारपर्यंत तुमच्या हाती नेमकी माहिती हवी, कारण दिरांनी सांगितलं तेच त्यालाही मित्रांनी सांगितलं असणार. ती नुसती पाण्याची वाफ नाही. बॅटरी आतला द्रव तापवते. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, वासाची रसायनं असतात आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. तुमचे मिस्टर ज्या तंबाखूला बांधले गेलेत तिच्यातलं बांधून ठेवणारं द्रव्य हेच. नव्या वेपांत ते क्षाराच्या रूपात घालतात, त्यामुळे घशाला झोंबत नाही आणि नवख्या पोरालाही ठसका न लागता भरपूर निकोटिन ओढता येतं. बिडी पहिल्यांदा ओढली की खोकला यायचा, डोकं गरगरायचं, कित्येक पोरं तिथेच थांबायची. इथे थांबवणारं काही नाही. शिवाय बिडी जळून संपते. ही कांडी लवकर संपत नाही, बाथरूममध्ये एक झुरका, जिन्यात एक, पुस्तक उघडायच्या आधी एक. आपण दिवसात किती ओढतो हे ओढणाऱ्यालाच कळत नाही. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून सोळाव्या वर्षी लागलेली सवय मोठ्या माणसाच्या सवयीपेक्षा लवकर घट्ट बसते. लक्ष लागणं, चित्त थाऱ्यावर राहणं यावरच ती घाला घालते, आणि पोरगा तर नीटचा अभ्यास करतोय.

तो म्हणेल, "यात निकोटिन नाहीये आई, फक्त फ्लेवर आहे." असं म्हणून तो तुम्हाला फसवतच असेल असं नाही, विकणाऱ्याने त्याला तसंच सांगितलं असेल. पण आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं सगळं बंद आहे. म्हणजे जळगावच्या गल्लीत मिळणारी प्रत्येक कांडी चोरटी, आणि वेष्टनावर काय छापलंय याची जबाबदारी घेणारं कोणी नाही. निकोटिन नाही असं लिहिलेल्या कांड्यांत तपासणीत निकोटिन सापडलेलं आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं निकामी होऊ लागली तेव्हा २,८०० च्या वर माणसं दवाखान्यात पोचली आणि ६८ दगावली. मुख्य कारण निघालं गांजाच्या द्रवात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. हे त्याला सांगायचं ते भेदरवायला नव्हे. आत काय भरलंय हे त्यालाही माहीत नाही, एवढंच त्याच्या ध्यानात यावं म्हणून. "एका झुरक्यात कॅन्सर होतो" असलं काही बोलू नका. त्याचे मित्र रोज ओढून ठणठणीत हिंडताना त्याला दिसतात. एक गोष्ट खोटी निघाली की तुमचं बाकीचं सगळं तो वाऱ्यावर सोडेल.

आता शनिवार. तो एसटीतून उतरून आल्या आल्या विषय काढू नका. जेवण होऊ द्या, धाकटी झोपू द्या. समोरासमोर बसवून साक्ष घेतल्यासारखं न करता गच्चीवर किंवा ओट्यावर शेजारी बसा. घरात जी बोली बोलता तीच बोला. "माले खरं सांग, बेटा" यात जे आहे ते पुस्तकी मराठीत यायचं नाही. कधीपासून, कुठे, कोणासोबत आणि ओढल्यावर बरं काय वाटतं, हे विचारा. शेवटचा प्रश्न विचारायला आईला जड जातो, पण खरं उत्तर त्यातच मिळतं. कोणी म्हणेल मित्र ओढतात म्हणून, कोणी म्हणेल टेस्टमध्ये मार्क पडले की डोकं शांत होतं, कोणी म्हणेल रात्री एकटं वाटतं. पंधरा-सोळा वर्षांचं पोर घर सोडून, मेसचं जेवण जेवून, दर रविवारी परीक्षा देतं. त्याच्या मनावर किती ओझं आहे हे पालकांना अनेकदा कांडी सापडल्यावरच कळतं. त्यात गांजाचं काही असतं का, हेही सरळ विचारून घ्या. आणि "बाबांना सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. मागेल तो, तरी देऊ नका.

सवय किती खोल गेली आहे ते एका प्रश्नावरून बरंचसं कळतं, सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळात लागतो? आठवड्यातून एखाददा मित्रांसोबत ओढत असेल तर निश्चय आणि तुमची सोबत बहुधा पुरेल. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, क्लास चालू असताना बाहेर जावं लागत असेल, तर ते व्यसन आहे आणि मदत घ्यावी लागेल. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत फोन सेवा आहे. मनावर ताण असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. फोन त्याला स्वतःला करू द्या, तुम्ही शेजारी बसा. जळगावलाच राहतो तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही दाखवता येईल. मेडिकलमधून निकोटिनचं च्युइंगम परस्पर आणून देऊ नका. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला ते डॉक्टरांनी सांगितलं तरच द्यायचं. छातीत दुखणं, धाप लागणं, सारख्या उलट्या यांपैकी काही दिसलं तर मात्र शनिवारची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना वेपचं स्पष्ट सांगा.

सोडायला घेतलं की पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, पुस्तकातली ओळ डोक्यात शिरत नाही, भूक वाढते. पुढच्या तीन-चार आठवड्यांत हे ओसरत जातं. आपली घरं नेमकी इथेच चुकतात. पोरगं ताट सरकवतं, बहिणीवर खेकसतं आणि आपण म्हणतो, "बघा, किती माजलाय!" त्या दिवसांतल्या उद्धटपणाकडे तापातल्या बडबडीसारखं बघा. म्हणूनच सोडायचा दिवस परीक्षेच्या आठवड्यात धरू नका, सलग सुट्टीत तो घरी असेल तेव्हा धरा. तलफ आली तरी ती काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ पाणी पिणं, शेतापर्यंत चालत जाऊन येणं, कोणाशी तरी बोलणं, जे जमेल ते करायचं. महिनाभराने पुन्हा एखादी कांडी सापडली तर सगळं पाण्यात गेलं असं समजू नका. बहुतेकांना एका खेपेत सुटत नाही.

आता मिस्टरांबद्दल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, "ते स्वतः तंबाखू खातात." तुम्हाला ती अडचण वाटते. मला वाटतं तुमच्या घरात या मुलाला खरी मदत करू शकेल असा माणूस तोच आहे.

आपल्या खान्देशात कोणत्या घरात तंबाखू नाही? खिडकीत चुन्याची डबी, आजीची मशेरी, पाहुणा आला की चहाआधी पुढे केलेली पुडी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात चार प्रौढांमागे एक जण तंबाखू वापरतो, आणि त्यातले बहुतेक खाणारे आहेत. तुमच्या मुलाने लहानपणी "जा रे, पुडी घेऊन ये" ऐकलं असणार आणि चॉकलेटच्या लालचीने पळत जाऊन आणलीही असणार. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी आपल्याकडे गावोगाव पोरंच आणतात. त्या हातावर आता पट्टा उगारला तर पोरगा तोंडाने गप्प बसेल, पण मनात एकच म्हणेल, "तुम्ही खाता ते?" आणि पुढच्या वेळी जास्त हुशारीने लपवेल.

पण हाच बाप शेजारी बसून म्हणाला, "मी तुझ्याएवढा असताना लागली. सकाळी डोळा उघडला की आधी हात पुडीकडे जातो. सोडायचं म्हटलं तर सुटत नाही. तुला अजून सुटेल," तर? तलफ काय असते हे तुम्हाला ऐकून माहीत आहे, मला वाचून माहीत आहे. त्यांना ती आतून माहीत आहे. पोराला डॉक्टरच्या शब्दापेक्षा हे जास्त लागेल. त्यांनीही सोबत सोडायचं मनावर घेतलं तर त्याहून चांगलं काही नाही. त्यांची इतक्या वर्षांची सवय एका महिन्यात जाणार नाही, पण बाप झगडतोय हे पोराला दिसू द्या. तो फोन क्रमांक त्यांच्यासाठीही आहे.

म्हणून मिस्टरांना सांगाच, आणि मुलाशी बोलणं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सांगा. महिनाभर लपवलंत आणि मग बाहेरून कळलं तर त्यांचा राग मुलासोबत तुमच्यावरही निघेल. शेतातून दमून भुकेले आलेले असताना नको, चारचौघांत नको, दिरांसमोर तर नकोच. "मला तुमची मदत लागणार आहे" अशी सुरुवात करा. एक अट मात्र ठामपणे घाला, हात उचलायचा नाही. तेवढ्यावर तुम्ही अडून राहा.

क्लास बंद करून त्याला शेतात आणू नका. शेती ही शिक्षा म्हणून करायची गोष्ट नाही, आणि क्लासने त्याच्या हातात कांडी दिलेली नाही. खोली बदलावी लागेल का, हे त्याच्याशी बोलून ठरवा. झडतीला जाऊ नका, दोन मित्रांसमोर आईने गादी उलटून पाहिली हे तो विसरायचा नाही. मात्र पैशांचा हिशोब विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. या कांड्या काही रुपयांत येत नाहीत, हजाराच्या घरात जातात. मेसचे पैसे थेट मेसवाल्याला द्यायला लागा आणि का देताय ते मुलाला सांगून द्या.

मिस्टर पोलिसांत जायचं म्हणाले तर एवढं लक्षात असू द्या. २०१९ च्या कायद्यात शिक्षा आहे ती विकणाऱ्याला, पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्या मुलाला शिक्षा त्यात सांगितलेली नाही. विकणाऱ्याची तक्रार जरूर व्हावी, पण मुलगा सावरल्यावर आणि त्याला सांगून. पहिल्याच दिवशी "कोणी दिलं, नाव सांग" म्हणून धरलंत तर तो मित्राला वाचवण्यात गुंतेल आणि स्वतःबद्दल बोलायचं राहून जाईल.

त्या दोन मुलांच्या घरी सांगायला हवं, माझं मत पक्कं आहे. एका खोलीत दोघं ओढत असताना तिसऱ्याने सोडणं फार अवघड. पण आधी मुलाला सांगा की तुम्ही फोन करणार आहात, आणि आपल्या मित्रांना त्याने स्वतः कल्पना द्यावी म्हणून त्याला आठवडाभर द्या. मग त्या आयांना फोन करा. "तुमच्या मुलामुळे माझा बिघडला" असा सूर लावू नका, त्यांच्या घरीही कदाचित अशीच एखादी जीन्स धुवायला पडली असेल. माझ्या मुलाजवळ हे सापडलं, तो सोडायच्या प्रयत्नात आहे, तिघांनी मिळून सोडलं तर तिघांनाही सोपं जाईल, एवढं बोला. एखादी आई "आमचा तसला नाही" म्हणून फोन ठेवेल. ठेवू द्या, आणि मग खोली बदलायच्या तयारीला लागा.

– माई