वीरगळातला ‘गळ’ कोणता?

प्रश्न असा आहे: गावचा जवान सीमेवर लढताना गेला, त्याचे स्मारक उभे राहते आहे. फलकावर ‘शहीद’ लिहावे की ‘हुतात्मा’? आणि वेशीजवळ जो जुना वीरगळ आहे, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा, त्या शब्दातला ‘गळ’ म्हणजे काय?

पहिल्याचे उत्तर थोडक्यात. ‘शहीद’ अरबी आहे. मूळ अर्थ साक्षीदार. पुढे श्रद्धेची साक्ष प्राण देऊन देणारा. सैन्यदलांत ही अधिकृत संज्ञा नाही, हे सरकारने संसदेतही सांगितले आहे. ‘हुतात्मा’ हवनातून आला. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. हा शब्द सावरकरांनी रूढ केला. मुंबईच्या हुतात्मा चौकातले हुतात्मे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातले नागरिक आहेत, सैनिक नव्हेत. शस्त्र हाती घेऊन लढता लढता पडलेल्यासाठी मराठीने केव्हाच शब्द घडवलेत: रणात कामी आला, वीरमरण आले, धारातीर्थी पडला. धारातीर्थ म्हणजे शस्त्राची धार हेच तीर्थ. म्हणूनच रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्या जवानाला बातमीत ‘धारातीर्थी पडला’ म्हटलेले वाचले की चीड येते. त्याची सेवा कमी मोलाची नव्हती, पण तिथे धार नव्हती. ‘शहीद हुतात्मा वीर जवान’ अशी माळ तर कृपा करून ओवू नका. एक नेमका शब्द पुरतो.

आता गळ. त्याचा गळ्याशी संबंध नाही, माशाच्या गळाशीही नाही. ‘गळून पडलेला वीर तो वीरगळ’ ही फोड ऐकायला गोड आहे आणि पूर्ण चुकीची आहे. हा कानडी ‘कल्’, म्हणजे दगड. कानडीत समासात दुसऱ्या पदाच्या आरंभीच्या ‘क’चा ‘ग’ होतो: मळे (पाऊस) आणि काल मिळून मळेगाल, म्हणजे पावसाळा. तसेच वीर आणि कल्लु (‘कल्’चे आजचे रूप) मिळून वीरगल्लु. वीराचा दगड, इतका साधा अर्थ.

पण खरी मौज शेवटच्या ‘ळ’मध्ये आहे. मराठीत दोन स्वरांमधल्या एकेरी ‘ल’चा ‘ळ’ होतो: फल–फळ, कमल–कमळ. प्राकृतात जिथे ‘ल’ जोड होता तिथे तो ‘ल’च राहिला: तेल्ल–तेल, मोल्ल–मोल. आजच्या कानडीतल्या ‘कल्लु’तला जोड ‘ल्ल’ घेतला असता तर आपण ‘वीरगल’ म्हटले असते. आपण ‘वीरगळ’ म्हणतो, म्हणजे आपल्याकडे जुन्या कानडीतले एकेरी ‘कल्’ आले, ‘कल्लु’ नव्हे. माझ्या मते हा शब्द मराठीत फार जुना असल्याची खूण त्या एका अक्षरात आहे. ‘वीरगल’ लिहिणारे तीच पुसून टाकतात.

याच ओघात काही अभ्यासक ‘गद्धेगाळ’ (दानाची नोंद असलेली जुनी शिळा) या शब्दातल्या गाळालाही दगडच ठरवतात. ते मला अजिबात पटत नाही. तो दगड दान मोडणाऱ्याला गाढवाचा शाप देतो. तिथला गाळ म्हणजे शिवी, ‘गाली’. शिवाय त्यातला दीर्घ ‘आ’ ‘कल्’मधून कसा निघाला, हे त्यांनी सांगावे. उच्चार जवळचे दिसले म्हणून दोन शिळांना एकाच दावणीला बांधू नये.

वीरगळ वाचताना आणखी एक चूक सर्रास होते: लोक तो वरून खाली वाचतात. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत पडलेला वीर. गोधन राखताना गेला असेल तर बहुधा गाईही. त्यावर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. माथ्याशी चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो ही कीर्ती राहील. बोरिवलीजवळच्या एकसरला तर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे.

तर स्मारकाला ‘वीरगळ’ म्हणायला माझी ना नाही, मात्र शिळा असेल तरच. सिमेंटच्या चौथऱ्यावरच्या पुतळ्याला तो शब्द लावू नका, तिथे ‘स्मारक’ बरे. फलकावर हुद्दा, सेवा क्रमांक, पूर्ण नाव, पलटण, ठिकाण, तारीख या क्रमाने लिहा आणि शेवटी ‘लढताना वीरमरण आले’. ‘वीरमरण पत्करले’ही चालते, पण पत्करण्यात जाणूनबुजून स्वीकारणे आहे, चौकीवर अचानक तोफगोळा येऊन पडला असेल तर ‘आले’च योग्य.

छिन्नी लागण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ तपासा. ‘स्मृतीप्रित्यर्थ’ हे रूप जागोजागी दगडात कोरलेले दिसते; शुद्ध रूप ‘स्मृतिप्रीत्यर्थ’. समासात ‘स्मृति’ ऱ्हस्व, म्हणून ‘स्मृतिदिन’, ‘स्मृतिस्तंभ’. ‘प्रीत्यर्थ’मधला ‘प्री’ दीर्घ. तेवढे जड वाटत असेल तर ‘स्मरणार्थ’ लिहा. मजकूर शिळेच्या मापाचा कागदावर छापून घ्या आणि तो आधी घरच्यांना वाचायला द्या. नाव, पलटण आणि तारीख यांतली चूक त्यांनाच सर्वांत आधी दिसते. आणि कारागिराला माथ्यावर चंद्र-सूर्य कोरायला सांगा, जागा थोडी जास्त लागली तरी.