बास्केटबॉलमध्ये स्टार खेळाडू देऊन टीमला साजेसा खेळाडू घ्यावा का?

घ्यावा. तुम्ही लिहिलंय तशीच परिस्थिती असेल, म्हणजे सामन्याला पंचवीस पॉइंट काढणारा गार्ड (बॉल पुढे आणणारा, बाहेरून खेळणारा), त्याच्या जोडीला ज्याचा खेळ बॉल हातात असल्याशिवाय चालत नाही असा दुसरा तरुण गार्ड, आणि बास्केटखाली राखण करायला कोणीच नाही, तर बचाव करणाऱ्या सेंटरसाठी, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूसाठी, मी त्या गार्डला सोडीन. ‘पण तो आमचा स्टार आहे’ हे कारण मला कोणी सांगू नये. ते मी माझ्या सख्ख्या बहिणीकडून वर्षानुवर्षं ऐकतेय.

आम्ही दोघी एकाच टीममध्ये होतो. सुट्टीच्या दिवशी चालणारी बायकांची लीग; ताई टीमचं सगळं बघायची, मी कॅप्टन. पहिली फेरी झाली की दोन कॅप्टन राजी असल्या तर एकेक खेळाडू बदलून घ्यायची मुभा होती. आमच्याकडे एक जबरदस्त स्कोअरर होती, ताईची जिवलग मैत्रीण. उजवीकडून ड्राइव्ह, मध्येच थांबून जंप शॉट, अंगावर दोघी असल्या तरी बॉल आत. लोक तिलाच बघायला यायचे. पण बॉल तिच्याकडे गेला की बाकी चौघी खांबासारख्या उभ्या. निम्मा शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा ठरलेला वेळ, तिच्या ड्रिबलमध्ये जायचा. आमची डावखुरी शूटर कोपऱ्यात हात तयार ठेवून थांबायची, आणि बॉल यायचाच नाही. पुढे पुढे तिने हात वर करणंही सोडून दिलं. ताईला कडेला बसून हे दिसत नव्हतं. मला दिसायचं, कारण मी पॉइंट गार्ड. बॉल पुढे आणून दिला की मलाही काही काम उरायचं नाही.

समोरच्या एका टीममध्ये एक उंच मुलगी कायम बेंचवर. शूटिंग यथातथा, फ्री थ्रो तर बघवत नसत. पण स्क्रीन लावायची, म्हणजे आपल्या खेळाडूमागे धावणारीची वाट अडवायची, तेव्हा पाय फाकवून, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून जी उभी राहायची, ती हलायची नाही. ताईच्या मैत्रिणीच्या बदल्यात मी तिला मागितलं आणि घेतलं. आमच्यात आल्यावर पहिल्याच सरावात मी तिच्या इतकी लगटून गेले की माझा खांदा तिच्या कमरेला घासला. माझ्यामागे धावणारी मुलगी तिच्यावर आदळली आणि तिथेच राहिली. पुढे सगळं मोकळं. मी आत शिरले, कोपऱ्यात डावखुरीवर राखण करणारी माझ्या अंगावर धावून आली, आणि डावखुरीला निवांत बॉल मिळाला. त्यानंतर तिचा शॉट सुधारला असं मुळीच नाही. शॉट आधीपासूनच चांगला होता, तिला बॉल मिळायला लागला एवढंच. दुसऱ्या टोकाला ती उंच मुलगी नुसती हात वर करून उभी राहिली तरी समोरच्या मुली आत यायला कचरायच्या.

त्याआधी आम्ही कधी बाद फेरीत गेलो नव्हतो. त्या वर्षी उपांत्य सामन्यापर्यंत गेलो आणि अगदी थोडक्यात हरलो. ताईचं तेव्हापासून एकच पालुपद: ‘ती असती तर जिंकलो असतो.’ अगं, ती होती तेव्हा आपण उपांत्य सामना बघायला तरी गेलो होतो का? यावर ती विषय बदलते.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या, गोल्डन स्टेट वॉरियर्सचं आहे. मार्च २०१२ मध्ये त्यांनी गार्ड मॉन्टा एलिसला मिलवॉकीला दिलं आणि सेंटर अँड्र्यू बोगट घेतला. एलिस सामन्याला विसाच्या वर पॉइंट काढत होता, प्रेक्षकांचा लाडका होता. बोगटचा घोटा मोडलेला होता, त्या हंगामात तो खेळणारही नव्हता. काही दिवसांनी त्यांचा जुना खेळाडू क्रिस मलिनची जर्सी निवृत्त करण्याच्या कार्यक्रमात मालक जो लेकब बोलायला उभा राहिला, तर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. पण तरुण स्टेफ करी आणि एलिस हे दोन ठेंगणे गार्ड एकत्र बचाव करू शकत नव्हते. एलिस गेला आणि बॉल करीच्या हातात आला, शूटर क्ले थॉम्पसनला जागा मिळाली, आत बोगट स्क्रीन लावायला आणि रिंग राखायला. २०१५ मध्ये चाळीस वर्षांनी विजेतेपद आलं. ताई म्हणते, त्या फायनलमध्ये चौथ्या सामन्यापासून बोगटला बसवून दुसऱ्या एका खेळाडूला, इग्वोडालाला, सुरुवातीला खेळवलं. हो, बसवलं. पण तिथवर टीम कोणाच्या बचावावर आली होती?

दुसरं उदाहरण नोव्हेंबर २००८ चं. डेन्व्हरने स्कोअरर गार्ड ॲलन आयव्हरसन दिला आणि डेट्रॉइटकडून पॉइंट गार्ड चॉन्सी बिलप्स घेतला. आयव्हरसनने आधीच्या हंगामात सव्वीसच्या वर सरासरी राखली होती, तरी डेन्व्हर पहिल्या फेरीत एकही सामना न जिंकता बाहेर पडलं होतं. बिलप्स आला, डेन्व्हरच्याच कार्मेलो अँथनीला बॉल वेळेवर मिळायला लागला, आणि ते ५४ सामने जिंकून वेस्टच्या (लीगच्या पश्चिम गटाच्या) फायनलला पोचले. सलग सहा वर्षं आपल्या गटाची फायनल खेळलेलं डेट्रॉइट ३९ विजय, ४३ पराभवांवर घसरलं. हे मी ताईला नावानिशी ऐकवलेलं आहे.

म्हणून येणाऱ्याचे पॉइंट जाणाऱ्याच्या पॉइंटशी ताडून बघू नका. तो गेल्यावर उरलेल्या चौघांपैकी कोणाचा खेळ फुलेल ते नावं घेऊन सांगता आलं पाहिजे. तुमच्या टीममध्ये तो दुसरा गार्ड आहे. असं एकही नाव सुचत नसेल तर ट्रेड, म्हणजे अदलाबदल, करू नका.

आणि हेही लिहायला हवं. डेट्रॉइटचा व्यवहार अर्धा हिशेबाचा होता, आयव्हरसनचा मोठा करार त्याच हंगामात संपत होता आणि त्यांना टीमच्या पगारांवरच्या मर्यादेत जागा मोकळी करायची होती. एनबीएतल्या ट्रेडमध्ये पगारही जुळवावे लागतात, त्यामुळे सेंटरबरोबर नको असलेले एक-दोघेही गळ्यात पडतात. वयही बघा. सॅक्रामेंटोने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या फॉक्स या गार्डच्या जोडीला नको म्हणून दुसरा गार्ड हॅलिबर्टन इंडियानाला दिला आणि सेंटर सबोनिस घेतला. पुढच्याच वर्षी १६ हंगामांनी ते प्लेऑफला (बाद फेरीला) गेले. पण दिला तेव्हा बावीस वर्षांचाही न झालेल्या हॅलिबर्टनने इंडियानाला २०२५ च्या एनबीए फायनलपर्यंत नेलं.

डॅलसचं नाव घेऊन मला कोणी उलट उत्तर देईल, ते आधीच सांगते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बचावाचं कारण देऊन त्यांनी स्टार गार्ड लुका डॉन्चिच दिला, तोही पंचविशीतला, आदल्याच वर्षी त्यांना फायनलला नेलेला, आणि एकतिशीतला अँथनी डेव्हिस घेतला. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, नोव्हेंबरमध्ये जनरल मॅनेजर निको हॅरिसनची नोकरी गेली. ते चूकच होतं. डॉन्चिचच्या भोवती टीम बांधायची असते, त्याला कोणाशी जुळवायचं नसतं. तुमचा गार्ड त्या तोडीचा असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. बहुतेक जणांचा नसतो. ताईच्या मैत्रिणीचाही नव्हता.

तुमच्या गार्डचं वय आणि कराराची उरलेली वर्षं प्रश्नात नाहीत. ती लिहा, मग त्या सेंटरसाठी आणखी काय द्यावं यावर बोलता येईल.