बॅटरीच्या जाड केबलला लग कसा बसवावा

इंदूरला सियागंजात जाऊन केबल आणि थिंबल, म्हणजेच लग (केबलच्या टोकाला बसवायचे, बोल्टसाठी भोक असलेले धातूचे टोक), आणणार असाल, तर आधी एक ठरवा: ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलवर सोल्डरिंगचा नाद करायचा नाही. इथले जुने मिस्त्री गॅसच्या ज्योतीवर लग तापवून त्यात कथील ओततात आणि काम दिसायला चकचकीत होते. परंतु वितळलेले कथील तारांमधून इन्सुलेशनखाली वर चढते, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि इंजिनाच्या कंपनांनी केबल नेमकी त्या ताठ भागाच्या टोकाशी तुटते. शिवाय ६०/४० चे (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळते. सैल जोड स्टार्टरच्या शेकडो अँपियरखाली तापला, की ते पाझरू लागते.

माझ्या जीपची केबल अशीच तुटली होती. वरचे आवरण शाबूत, आत मात्र चारदोन तारांवर कारभार!

तेव्हा केबलच्या मापाचा, कलई केलेला तांब्याचा लग घ्या, एकही तार न कापता इन्सुलेशन सोला आणि हायड्रॉलिक टूलमध्ये त्याच मापाची षट्कोनी डाय, म्हणजे दाबायचा साचा, लावून दाबा. हातोडी-छिन्नीने ठोकलेला लग मी जोड मानत नाही. तारांना आधी कथील लावू नका, कारण दाबाखाली ते हळूहळू सरकते आणि पकड ढिली पडते. दाबल्यावर लग जोराने ओढून पाहा. तसूभरही हलला, तर तो कापून टाकून नवा बसवा. शेवटी आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवा, म्हणजे पावसाळ्यात ओल शिरणार नाही.