ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळच्या रिसॉर्टवाल्याने दोन महिन्यांचा पगार अडकवलाय, वर फुटलेल्या कपबशांचे पैसेही कापलेत; युनियनचा काही उपयोग होईल का?

होतो, पण आधी तक्रारीचं बघा. ताडोबा पावसाळ्यात बंद झाला की पोरांना घरी धाडायचं आणि "ऑक्टोबरात या, हिशेब करू" म्हणायचं, हा खेळ जुनाच. पण वेतन संहिता, 2019 प्रमाणे कामावरून काढलं की दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशेब द्यावा लागतो. एरवी महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत.

फुटलेल्या कपबशांचे पैसे कापले म्हणता, तर तुमचा हलगर्जीपणा दाखवल्याशिवाय आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय ते कापता येत नाहीत. जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने.

अर्ज चंद्रपूरच्या कामगार कार्यालयात करा. मुदत 3 वर्षांची आहे, त्यामुळे सीझन गेला म्हणून हक्क बुडत नाही. आणि पगार दिला हे सिद्ध करणं मालकाचं काम, तुमचं नाही! तरी ड्युटी चार्टचे फोटो, मॅनेजरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा. तिथे काम करत होता हे तरी दिसलं पाहिजे.

आता युनियन. तुम्ही सभासद असाल तर तुमच्या वतीने हा अर्ज तीही करू शकते. आपल्याकडे मालक बहुधा गावातला, नाहीतर सरपंचाचा सोयरा; एकट्याने सही केली की पुढच्या सीझनला कुठल्याच गेटवर काम मिळत नाही. संघटनेच्या लेटरहेडवर अर्ज गेला की एकट्यावर रोख राहत नाही. नवी संघटना नोंदवायला निदान 7 जण लागतात, पण मी म्हणेन जिल्ह्यात आधीच चालणारी गाठा.