यादीत नाव का नाही, याचं उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. संस्थेनं मदतकार्यातल्या लोकसहभागाची आणि उत्तरदायित्वाची जबाबदारी तुझ्याकडे दिली, याचा मनापासून आनंद झाला. लोकांचं म्हणणं नोंदवायला कोणता फॉर्म घ्यावा, कोणतं अ‍ॅप चांगलं, असं तू विचारलं आहेस. त्याबद्दल पुढे लिहितो. त्याआधी तुझ्या वरिष्ठांकडून काही गोष्टी लेखी घे. आलेली तक्रार तुझ्याकडून कोणाकडे जाणार? तिच्यावर निर्णय घ्यायचा अधिकार कोणाला? किती दिवसांत? ही उत्तरं माणसाच्या नावासकट हातात येईपर्यंत हेल्पलाइनचा नंबर कुठेही लावू नकोस.

सगळं गमावलेला माणूस एकदा धीर करून बोलतो. उत्तर आलं नाही तर तो पुन्हा येत नाही, आणि तिथे जाऊन काही होत नाही हे शेजाऱ्यांनाही सांगतो. मग अहवालातला तक्रारींचा आकडा खाली येतो आणि बैठकीत त्याचा अर्थ लोक समाधानी आहेत असा लावला जातो. तुला लवकरच असा आकडा दिसेल. तेव्हा खूश होऊ नकोस, वस्तीत जाऊन बस.

सगळ्यात जास्त वेळा तुझ्या कानावर येईल तो प्रश्न आत्ताच सांगून ठेवतो: "माझं नाव यादीत का नाही?" भूकंप असो, पूर असो की युद्ध, मदत धान्याची असो की रोख पैशांची, हा प्रश्न चुकत नाही. मदत गरजेपेक्षा कमीच असते, म्हणून निकष लागतात. निकष कागदावर ठीक दिसतात, पण यादी बहुतेक वेळा वस्तीतल्या वजनदार माणसांच्या मदतीनं तयार होते. भाडेकरू, भावाच्या घरात राहणारी विधवा, उशिरा पोचलेलं कुटुंब, कागदपत्रं वाहून गेलेला म्हातारा, ही माणसं त्यातून निसटतात. म्हणून वाटपाच्या आधीच निकष सगळ्यांना सांग, हरकतीसाठी मुदत ठेव, आणि हरकत तपासणारा माणूस यादी करणाऱ्यांपैकी नसेल हे बघ. नावं भिंतीवर लावण्याआधी मात्र विचार कर. संघर्षाच्या भागात कोणाला पैसे मिळाले हे जाहीर करणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. तिथे निकष जाहीर करावेत, नावं ज्याची त्याला सांगावीत.

तपासणीनंतरही पुष्कळांना "नाही" म्हणावं लागेल. ते स्वतः, समोर बसून, कारणासकट सांग. त्यापासून पळणारे सहकारी मी खूप पाहिले. लोक चिडतील, वाद घालतील, पण कारण कळलेला माणूस निदान दुसरी वाट शोधायला मोकळा होतो. "वर कळवलंय, बघू" असं ऐकलेला माणूस आठवडेच्या आठवडे तिथेच अडकून राहतो.

तुला कोणीतरी म्हणेल की हे सगळं चांगुलपणाचं काम आहे, जमलं तर करायचं. तेव्हा 1994 सालची रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी स्वीकारलेली आचारसंहिता समोर ठेव. ज्यांच्याकडून निधी घेतो आणि ज्यांना मदत करतो, त्या दोघांनाही आपण उत्तरदायी आहोत, असं ती स्पष्ट म्हणते. नरसंहारानंतर रवांडात झालेल्या मदतकार्याचं 1996 साली जे संयुक्त मूल्यमापन झालं, त्यानं या क्षेत्राला अंतर्मुख केलं. त्यानंतर मदत किमान कशी असावी हे सांगणारे स्फिअरचे निकष आले, 2014 मध्ये नऊ वचनांचं मूलभूत मानवतावादी मानक आलं, 2024 मध्ये ते सुधारलं गेलं. कागदावर आपली बाजू भक्कम आहे. तरीही देणगीदाराला बिलासकट हिशेब वेळेवर जातो आणि छावणीतल्या बाईला ताडपत्री का आली नाही हे कोणी सांगत नाही.

लोकांचं न ऐकण्याची किंमत हैतीनं मोजली. ऑक्टोबर 2010 मध्ये तिथे कॉलरा सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळातली घाण नदीत जाते आणि साथ तिथूनच आली, हे आसपासचे लोक अगदी सुरुवातीपासून बोट दाखवून सांगत होते. साथीत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. साथीबाबत आपण पुरेसं केलं नाही, अशी माफी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी, बान की-मून यांनी, मागितली ती डिसेंबर 2016 मध्ये. गावकऱ्यांना जे काही आठवड्यांत कळलं होतं, ते मान्य व्हायला सहा वर्षं लागली.

ऐकलं तर काय होतं, तेही सांगतो. पश्चिम आफ्रिकेत 2014 ते 2016 या काळात इबोलाची जी साथ आली, तिच्यात अकरा हजारांहून जास्त लोक मेले. मृतदेहातून संसर्ग पसरत होता, म्हणून पांढऱ्या पोशाखातली पथकं येत आणि मृतदेह पिशवीत घालून नेत. आईला मुलाचा चेहरा दिसत नसे, प्रार्थना होत नसे, कुठे पुरलं हेही कधी कळत नसे. लोक आजारी माणसांना लपवू लागले, रात्री गुपचूप दफन करू लागले. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं फार सोपं होतं. नोव्हेंबर 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रेड क्रॉस आणि मुस्लिम, ख्रिस्ती धर्मगुरूंसोबत बसून सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची नवी पद्धत ठरवली. कुटुंबाला विचारायचं, प्रार्थनेला जागा द्यायची, थडगं कुठलं हे त्यांना माहीत असलं पाहिजे. संसर्ग टाळण्याची शिस्त तशीच राहिली, वागण्याची रीत बदलली.

पुढे काँगोत 2018 पासूनच्या इबोलाच्या साथीत स्वयंसेवकांनी घरोघरी ऐकलेले प्रश्न आणि अफवा लोकांच्याच शब्दांत लिहून काढल्या. उपचार केंद्रात नेमकं काय करतात, ही भीती मोठी होती. तिथल्या बेनी शहरात अलिमा या वैद्यकीय मदतसंस्थेनं पारदर्शक भिंतींच्या खोल्या वापरल्या. नातेवाइकांना आपला रुग्ण बाहेरून दिसायचा. म्हणून सांगतो, तक्त्यात अफवेसमोर नुसतं "गैरसमज" लिहून जनजागृतीची भित्तिपत्रकं छापायला धावू नकोस. लोकांना कशाची भीती वाटते आणि आपल्या कामात काय बदललं तर ती जाईल, हे त्या ओळीपुढे लिही.

आता फॉर्म आणि अ‍ॅप. सुरुवातीला साधा एक्सेलचा तक्ता पुरतो. तारीख, ठिकाण, माणसाचे शब्द, कोणाकडे पाठवलं, काय ठरलं, त्याला कधी सांगितलं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते प्रकरण संपलेलं नाही. बोलायचे मार्ग लोकांना विचारून ठरव आणि एकावर अवलंबून राहू नकोस. 2017 मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या निर्वासित बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला आले; त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अशांसमोर तक्रारपेटी ठेवण्यात काय अर्थ? आणि जिथे लिहिता येतं, तिथेही पेटी वाटप करणाऱ्या माणसाच्याच डोळ्यांसमोर असेल तर त्याच्याविरुद्धची चिठ्ठी तिच्यात कोण टाकेल? बायका टेबलावर बसलेल्या पुरुषाला सगळं सांगत नाहीत. बाईजवळ बोलायची सोय हवी, आडोसा हवा.

इथे एक गोष्ट तुला पाठच असली पाहिजे. 2002 साली गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधल्या निर्वासितांबद्दल एक अहवाल आला. मदत देण्याच्या बदल्यात मुलींचं लैंगिक शोषण झाल्याचे आणि त्यात मदतकर्मीही असल्याचे आरोप त्यात होते. त्यानंतर नियम कडक झाले. अशी तक्रार तुझ्यापर्यंत आली तर तू चौकशी करायची नाहीस, उलटतपासणी करायची नाहीस, पुरावा मागायचा नाहीस. शांतपणे ऐक. तक्रार करणारी मुलगी किंवा बाई आत्ता सुरक्षित आहे का ते बघ. बलात्कार झाला असेल तर एचआयव्ही टाळण्याचं औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, हे तिला सांग आणि तिची इच्छा असेल तर डॉक्टरपर्यंत सोबत जा. मग अशा तक्रारींसाठी संस्थेनं नेमलेल्या एकाच माणसाला कळव. सगळ्यांना दिसणाऱ्या तक्त्यात यातलं एक अक्षरही जाता कामा नये.

स्थानिक स्वयंसेवकांची काळजी घे. लोकांचा राग आधी त्यांच्या अंगावर येतो आणि संध्याकाळी त्यांना त्याच वस्तीत राहायचं असतं. कुठलाही बदल आधी त्यांना कळला पाहिजे.

अर्धं काम मात्र कार्यालयातच आहे. आठवड्याच्या बैठकीत तुझा विषय शेवटच्या पाच मिनिटांत ढकलू देऊ नकोस. नळाकडे जायचा रस्ता अंधाराचा म्हणून बायका संध्याकाळी पाणी भरत नाहीत, हे अभियंत्याला नेमक्या जागेसकट सांग आणि दिवे कधी लागणार ती तारीख घेऊनच ऊठ. बदलाला पैसे लागतात. प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिला जात असतानाच त्यासाठी रक्कम बाजूला काढायला लाव. नंतर कोणी देत नाही.

आणि प्रकल्प संपण्याच्या तारखेची तयारी आधीपासून कर. निधी संपला की हेल्पलाइन एका सोमवारी नुसती बंद पडते, लोक फोन करत राहतात, असं फार ठिकाणी होतं. बंद व्हायच्या महिनाभर आधी वस्तीत सांग, उघड्या राहिलेल्या प्रत्येक तक्रारीचं काय होणार ते ज्याचं त्याला कळव, आणि जी दुसऱ्या संस्थेकडे सोपवायची तिच्यासाठी तक्रारदाराची संमती घे.

तुझ्या संस्थेत निर्णय कोण घेणार त्या नावांची यादी आली की मला पाठव. त्यावर पुढचं बोलू.

तुझा,
एक जुना सहकारी